मिक्सरच्या भांड्यात उतरलेला पाटा

मराठी स्वयंपाकघरातल्या कितीतरी जिनसांना नावे मिळाली ती त्या कशा बारीक केल्या यावरून. ठेचा ठेचलेला, कूट कुटलेला, भरडा भरडलेला, वाटण वाटलेले. गणपतीत होणाऱ्या वाटल्या डाळीची अर्धी कृती तिच्या नावातच सांगून होते, आणि मेतकूट आज गिरणीतून दळून आणले तरी त्याच्या नावातले कुटणे जात नाही. कुटणे, कांडणे, दळणे, भरडणे, वाटणे, रगडणे, ठेचणे, चेचणे, घुसळणे अशी निदान नऊ क्रियापदे या घरात नांदत होती आणि एकाचे काम दुसऱ्यावर भागत नव्हते. ताक कुणी वाटत नाही, ओल्या खोबऱ्याची चटणी कुणी दळत नाही. आज या बहुतेक कामांसाठी ओट्यावर एकच यंत्र असते आणि त्या यंत्रासाठी एकच क्रियापद पुरते: फिरवणे. ‘मिक्सरमधून फिरवून घे’ म्हटले की काम सांगून झाले, असे आपण समजतो. हिरवी चटणी काळपट का पडली, दाण्याच्या कुटाचा गोळा का झाला, वाटल्या डाळीचा लगदा का झाला, या रोजच्या तक्रारींचे मूळ मला या एका शब्दात दिसते. मिक्सर भारतीय घरात रुजला, कारण जुनी क्रियापदे त्याच्या भांड्यांत सामावली गेली. आणि ते यंत्र आजही उत्तम काम देते ते वापरणाऱ्याच्या मनात ती क्रियापदे वेगवेगळी असतात तेव्हाच. या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे.

कामागणिक दगड वेगळा, ही वाटणी फार जुनी. मोहेंजोदडोला १९२७ ते १९३१ या काळात उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांनी तिथल्या दळण्या-वाटण्याच्या दगडांचे दोन प्रकार नोंदवले. एका प्रकारात वरचा दगड पुढे-मागे घासला जाई. ते दगड धान्याचे असावेत, असे त्यांचे मत. दुसऱ्या प्रकारात वरच्या दगडाने ठेचून ठेचून खालच्या दगडाला खोलगट खळगा पडलेला होता. ते मसाल्याचे असावेत. उत्खननावरच्या मजुरांनी हे दुसरे दगड पाहताक्षणी मसाल्याचेच म्हणून ओळखले आणि मॅके यांच्या आचाऱ्याने तर त्यांतला एक स्वयंपाकासाठी मागितला, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हत्यार विसाव्या शतकातल्या आचाऱ्याला आपले वाटावे, यातच त्या हत्याराची पक्की बैठक दिसते. हाताने गोल फिरवायचे जाते त्या मानाने उशिरा आले. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे, सातवाहनांच्या काळात, ते दख्खनमध्ये दिसू लागते. नेवाशाच्या १९५४-५६ च्या उत्खननातून ह. धी. सांकलिया यांनी या गोल जात्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की जाते आले म्हणून पाटा गेला नाही. जात्याने धान्याचे दळण घेतले आणि ओले, तेलकट, चिकट ते सगळे पाट्याकडेच राहिले. घराला दोन्ही लागत होते, कारण दोघांची कामे खरोखरच वेगळी होती.

ती कशी वेगळी, हे नीट पाहायला हवे, कारण पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली तिथे आहे. उखळ-मुसळात वरून आघात होतो. दाण्याची साल सुटते, मिरची फुटते, पण कण घासला जात नाही. जात्यात दाणा दोन तळ्यांच्या, म्हणजे वरखालच्या दगडांच्या, मधून कडेकडे सरकत जातो आणि जाडीभरडी ठेवायची की बारीक, हे दोन तळ्यांमधले अंतर आणि घासाचा आकार ठरवतो. पाटा-वरवंट्यात कण दोन दगडांत सापडतो, दाबलाही जातो आणि त्याच वेळी घासलाही जातो. पेशी चिरडल्या जाऊन आतले तेल आणि रस हळूहळू बाहेर येतात. शिवाय पाट्यावर क्रम असतो. आधी मीठ, मिरची, धने यांसारखे कडक पदार्थ, मग खोबरे, शेवटी कोथिंबीर. पाणी शिंपडायचे ते हाताच्या बोटांनी, थेंबाथेंबाने. सरकलेले वाटण हाताने पुन्हा वरवंट्याखाली ओढायचे. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाचा पृष्ठभाग झिजून गुळगुळीत झाला की वाटण निसटू लागे, म्हणून पाटा-जात्याला टाकी लावून घ्यावी लागे आणि हे काम करत पाथरवट आणि वडार मंडळी गावोगाव, गल्लोगल्ली हिंडत. दगडाचे हे स्थान धर्मविधींतही उमटले. लग्नाआधी घाणा भरताना जाते आणि मुसळ पूजेला येतात. बाळाच्या पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात, बारशाला वरवंट्यालाच बाळासारखे नटवून पाळण्याखालून फिरवतात. ज्या वस्तूंवर घराचे पोट चालते त्यांना घराने दिलेला हा मान आहे.

या व्यवस्थेला पहिला धक्का मिक्सरने दिला, असे सर्रास मानले जाते. ते खरे नाही. पहिला धक्का पिठाच्या गिरणीचा. आधी शहरांत, मग तेल-इंजिनावर आणि विजेवर चालणाऱ्या गिरण्या गावांत आल्या तसे पहाटेचे दळण घराबाहेर पडले. त्याबरोबर जात्यावरच्या ओव्यांचा प्रसंगच नाहीसा होऊ लागला. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून तरी त्या भांडाराचा आवाका आपल्याला कळतो. पाठोपाठ कांडणेही बाहेर गेले. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत किंवा कोल्हापूरकडे आजही उन्हाळ्यात वर्षाचा मसाला डंकावर कुटून आणतात; तो डंक म्हणजे मुसळाला मोटर जोडलेली, आघाताचे तत्त्व तसेच ठेवून. इथे एक गोष्ट लक्षात येते. दळणे आणि कांडणे ही दोन कामे यंत्राकडे गेली तेव्हा प्रत्येकाला स्वतःचे यंत्र मिळाले. गिरणीत दोन दगडी तळ्याच राहिल्या, डंकात मुसळच राहिले. फक्त ताकद माणसाची जाऊन इंजिनाची आली. घरात उरले ते वाटणे, भरडणे, ठेचणे, रगडणे: थोडे थोडे, ताजे, रोज करायचे काम. त्याला बाहेर नेता येत नव्हते, कारण ओल्या खोबऱ्याचे वाटण दुसऱ्या दिवशी आंबते.

दरम्यान पश्चिमेत एक वेगळेच यंत्र जन्माला आले होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील रसीन गावी स्टीफन पॉपलॉस्की यांनी १९२२ च्या सुमारास भांड्याच्या तळाशी फिरणारे पाते बसवले, ते सोडा-फाउंटनच्या दुकानांत माल्ट घातलेले दूध घुसळण्यासाठी. हॉर्लिक्सचा कारखाना याच गावात होता. पुढे १९३७ मध्ये फ्रेड वेअरिंग या वाद्यवृंदचालकाच्या नावाने असे यंत्र बाजारात आले आणि मद्यालयांतून, उपाहारगृहांतून ते घरोघर पोचले. म्हणजे ब्लेंडर जन्मला तो आपल्या नऊ क्रियापदांपैकी एकासाठी, घुसळण्यासाठी. पातळ, मऊ, भरपूर द्रव असलेल्या पदार्थात भोवरा तयार करायचा, एवढेच त्याचे काम. अशा कुळातले यंत्र भारतीय घरात आले आणि त्याच्यापुढे सुके खोबरे, धने, हळकुंड, भिजवलेली चण्याची डाळ ठेवली, तर ते कसे टिकणार? मुंबईत सीमेन्समध्ये अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरची हकीकत हीच. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन मिक्सर आपल्याकडच्या वाटणाखाली जळला आणि इथे त्याची दुरुस्ती होण्याची सोय नव्हती. माथुर यांनी दणकट मोटरचे यंत्र स्वतःच घडवायला घेतले आणि १९६३ मध्ये कंपनी काढली. यंत्राचे नाव सुमीत, म्हणजे चांगला मित्र. परदेशी यंत्राची ही नुसती मजबूत नक्कल असती तर तिची फार दखल घेण्याचे कारण नव्हते. आपल्याकडच्या मिक्सरचे खरे वेगळेपण त्याच्या भांड्यांत आहे. मोठे भांडे घुसळण्याला, मधले दळण्या-वाटण्याला, लहान चटणीला. ओल्याचे पाते वेगळे, सुक्याचे वेगळे. आणि बटण उलट बाजूला दाबून धरले तर तेवढ्यापुरते फिरणारे झटके. उखळ, पाटा, खलबत्ता आणि रवी यांची जुनी विभागणी एका मोटरभोवती पुन्हा मांडलेली आहे. स्वयंपाकघराने यंत्राला आपले व्याकरण शिकवले, असे मी याला म्हणेन.

मात्र एक फरक उरतोच आणि तो मूलभूत आहे. पाट्यावर कण पकडलेला असतो; भांड्यात तो मोकळा असतो. पाते त्याला धडकते, कापते आणि भिरकावून देते. रिकामा फिरताना मिक्सर मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेतो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या पात्याचे टोक अशा वेळी ताशी १७० किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असते. भार पडल्यावर हा वेग बराच उतरतो, तरी आघात जबरदस्तच. पण एकदा भिरकावलेला कण पात्याकडे परत आला नाही तर दुसरा आघात होत नाही. वाटण्यात हाताने जे ओढून आणायचे ते इथे द्रवाच्या प्रवाहाने व्हावे लागते. भांड्याच्या भिंतींवरचे उभे कंगोरे याचसाठी असतात, गोल गरगरणारा पदार्थ त्यांना आपटून मध्याकडे वळतो. यावरून वापराचे बहुतेक नियम आपोआप निघतात. ओल्या वाटणात पाणी सुरुवातीलाच सगळे ओतले तर मोठे तुकडे पाण्याबरोबर नुसते पोहत राहतात. अजिबात नसेल तर पात्याभोवती पोकळी होऊन ते हवेत फिरते. म्हणून आधी अगदी थोडे, प्रवाह सुरू होईल एवढेच पाणी, मग कडेचे सारून घेऊन थोडे थोडे, जसे पाट्यावर शिंपडत तसे. पाव वाटी चटणी मोठ्या भांड्यात कधीच नीट होत नाही, कारण पाते पदार्थात बुडत नाही. खसखशीसारखा बारीक दाणा पात्याला चुकवतो. तो कोमट पाण्यात भिजवून लहान भांड्यात, इतर काही घालण्याआधी वाटावा लागतो. कडक आधी, मऊ नंतर, पालेभाजी शेवटी, हा पाट्यावरचा क्रम इथे तर जास्तच पाळावा लागतो, कारण यंत्र थांबून विचार करत नाही.

दुसरा भाग उष्णतेचा. पाचशे वॅटची मोटर पूर्ण भाराने मिनिटभर चालली की ३०,००० जूल ऊर्जा खर्च होते. त्यातली अर्धी जरी २०० ग्रॅम पाणीदार वाटणात उतरली तरी त्याचे तापमान सुमारे १८ अंशांनी चढते. पाट्यावर हेच काम अर्धा तास चाले आणि दगड थंड राही. हिरवी चटणी काळपट पडते त्याला ही ऊब आणि वाटणात मिसळणारी हवा कारणीभूत. गार पाण्याने, थांबत थांबत वाटली तर रंग टिकतो. दाणे, तीळ, सुके खोबरे यांत तेल भरपूर. सलग फिरवले की तेल सुटते आणि कोरडा कूट व्हायच्या ऐवजी गोळा होतो. इथे झटके द्यायचे, म्हणजे मुसळाचे घावच. भाजलेले दाणे पूर्ण गार झालेले हवेत, भांडे कोरडे ठणठणीत हवे आणि अर्ध्याहून जास्त भरलेले नको. मालवणी वाटपातले भाजलेले कांदा-खोबरेही निवल्याशिवाय भांड्यात घालू नये. गरम पदार्थाची वाफ बंद भांड्यात झाकण उडवू शकते आणि वाटपाची चवही शिजल्यासारखी होते. वाटल्या डाळीला तर पाण्याचा मोहच टाळायचा. भिजलेली चणाडाळ चाळणीत निथळून, थोडी थोडी घेऊन, दोन-तीन झटक्यांतच काढायची. नाव वाटली डाळ असले तरी तिला हवे असते भरडणे.

यावर पहिला आक्षेप असा की एवढे सगळे करूनही पाट्याची चव येत नाहीच, मग जुळवून घेण्याला अर्थ काय? हा आक्षेप हळव्या आठवणींचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. चिरडलेली पेशी आणि कापलेली पेशी यांतून बाहेर येणारा रस सारखा नसतो; पाट्यावरच्या लसूण-खोबऱ्याच्या चटणीला जी तेलकट चमक आणि एकजीवपणा येतो तो पात्याने येत नाही. पण हा फरक जितका दगडाचा, तितकाच सावकाशीचा, क्रमाचा आणि थंडपणाचा आहे. त्यातल्या शेवटच्या तिन्ही गोष्टी यंत्राकडे नेता येतात. पहिली नेता येत नाही, आणि तिथे खलबत्ता हाताशी ठेवणे हेच शहाणपण. ठेच्याला तर तवा आणि बत्ता पुरतात. शिवाय त्या चवीची किंमत कोण मोजत होते, हे विसरून पाट्याचे गुणगान करणे न्यायाचे होणार नाही. वाकून, गुडघ्यावर बसून, रोज दोन वेळा वाटण करणारे हात जवळजवळ सगळे बायकांचे होते. ओव्यांत त्या श्रमाची गाणी झाली, पण त्यांत श्रमाची कुरकुरही भरून राहिली आहे. मिक्सरने वाचवलेला वेळ हा खरा लाभ आहे आणि त्याची परतफेड म्हणून कुणाला पुन्हा पाट्यावर बसवण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा आक्षेप यंत्राचा. ज्ञान कशाला, जास्त वॅटचा, महागडा मिक्सर घ्या म्हणजे झाले. वरचाच हिशेब याला उत्तर देतो: ५०० च्या जागी ७५० वॅट आले तर आघात वाढतो, तशी उष्णताही वाढते. दाण्याच्या कुटाचा गोळा जास्त लवकर होईल, एवढेच. आणि दक्षिणेचा अनुभव याहून बोलका आहे. इडली-डोशाच्या पिठासाठी तिथे मिक्सरवर भिस्त ठेवली गेली नाही. कोइमतूरमध्ये १९५५ च्या सुमारास पी. सभापती यांनी रगड्यालाच मोटर जोडली, दगड तसाच ठेवून. पुढे कोइमतूरच्या या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही मिळाले. दगडात रगडलेली उडदाची डाळ फारशी तापत नाही, हवा धरून फुगते आणि पीठ चांगले आंबते. तमिळनाडू सरकारने २०११ मध्ये घरगुती उपकरणांच्या मोफत वाटपाची योजना सुरू केली तेव्हा पंख्याबरोबर मिक्सरही दिला आणि ग्राइंडरही दिला. वाटणे आणि रगडणे एक नाही, हे तिथे सरकारी योजनेलाही मान्य करावे लागले. मराठी घरांनी हेच पुरणाच्या बाबतीत केले. पाट्यावर वाटायचे पुरण मिक्सरकडे जाण्याऐवजी पुरणयंत्राकडे गेले, कारण गुळात शिजलेल्या चिकट डाळीला पाते मानवत नाही. कुठले क्रियापद या यंत्राला द्यायचे नाही, हे ओळखणेही उत्तम वापरातच मोडते.

तिसरा आक्षेप धावपळीचा: नोकरी सांभाळून हे सगळे क्रम आणि थंडावे पाळायला वेळ कुणाला आहे? मला वाटते, इथे हिशेबच चुकतो. थांबत थांबत फिरवण्याने जाणारी दोन मिनिटे फसलेले वाटण सावरण्यात जाणाऱ्या वेळापेक्षा कमीच असतात, आणि यंत्रही त्याने टिकते. घरगुती मिक्सरची मोटर लहान आणि अतिवेगवान असते, सलग चालण्यासाठी ती घडवलेली नसते; तिला थोड्या थोड्या वेळाने विश्रांती लागते. अतिभार झाला तर बुडाशी असलेले बटण सुटून ती बंद पडते आणि भांड्याखालची प्लॅस्टिकची जोडणी मुद्दामच अशी मऊ असते की मोटरऐवजी ती झिजावी. जात्या-पाट्याला जशी टाकी लावावी लागे तशीच या जोडणीची, झाकणाच्या रबराची आणि बोथटलेल्या पात्याची निगा वेळेवर राखावी लागते. फरक इतकाच की टाकी लावणारा दारावर येऊन आठवण करून देई. आता ती आठवण आपणच ठेवायची आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती पाककृती लिहिणाऱ्यांकडे, सांगणाऱ्यांकडे आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचे माप घराघरांत रुजवले आणि अंदाजाने शिकता न येणाऱ्यांचीही सोय केली. परगावी किंवा परदेशी एकट्याने संसार मांडणाऱ्या मुलामुलींपुढे पाटा कधी आलेलाच नसतो. पुणे-मुंबईतून नेलेला मिक्सर अमेरिकेसारख्या देशातल्या ११०-१२० व्होल्टच्या विजेवर नीट चालत नाही म्हणून तिकडे गेलेले तिथे चालणारा नवा घेतात, पण त्यात काय आणि कसे करायचे हे त्यांना कोण सांगणार? मापाइतकेच क्रियापदही पाककृतीत नेमके हवे. ‘डाळ मिक्सरमधून फिरवा’ याऐवजी ‘निथळून, पाण्याशिवाय, झटके देत भरडा’. ‘दाणे फिरवा’ याऐवजी ‘गार करून कुटा, तेल सुटण्याआधी थांबा’. ‘खोबरे फिरवा’ याऐवजी ‘थोड्या पाण्यात गंधासारखे वाटा’. एवढ्या शब्दांत हजारो वर्षांचे हातांचे शहाणपण त्या मुलामुलींच्या हाती पडते. बारशाला वरवंटा अजून नटतो. त्याने शिकवलेले वाटणे, कुटणे, भरडणे रोजच्या स्वयंपाकात बोलले गेले तर मिक्सरही त्याच घरातला होईल.